बँकेतला स्कोअर आणि आपल्या गटाची वही



कर्जाचा अर्ज घेऊन बँकेत जाऊन आलेल्या मैत्रिणींच्या तोंडून हल्ली एक वाक्य फार ऐकू येतं. "साहेब म्हणाले, तुमचा स्कोअर बसत नाही." घर बघितलं नाही, गोठा बघितला नाही, गटाचं पासबुकसुद्धा उघडलं नाही. कॉम्प्युटरवर तीन आकड्यांची एक संख्या आली आणि विषय तिथेच संपला. मग बैठकीत प्रश्न निघतो, की मी कर्ज फेडणार की नाही हे त्या मशीनला कसं काय कळतं?

मशीनला ते कळत नाही. मशीन अंदाज करतं. तो अंदाज कसा तयार होतो, कुठे चांगला चालतो आणि कुठे हमखास फसतो, हे या महिन्याच्या पाठात आपण आपल्याच गटाच्या वहीवरून शिकणार आहोत. गणित बेरीज, वजाबाकी आणि टक्केवारी एवढंच आहे. कर्ज खतावणी, एक कोरा कागद आणि पेन्सिल घेऊन बसा. शाळेत गणिताला घाबरणाऱ्या ताईंनी तर जरूर बसा, कारण रोजचा हिशोब त्याच पक्का ठेवतात असा अनुभव आहे.

ठोकताळा

पेपरात, मोबाईलवर "मॉडेल", "एआय", "मशीन लर्निंग" हे शब्द येतात. आपल्याकडे याला जुना शब्द आहे, ठोकताळा. लग्नाला दोनशे पानं उठणार असली तर तांदूळ किती काढायचे, हे स्वयंपाक सांभाळणारी आजी उभ्या उभ्या सांगते. तिने आयुष्यात शंभर पंगती पाहिलेल्या असतात. कधी भात उरला, कधी कमी पडला, ते तिच्या डोक्यात साठलेलं असतं. जुना अनुभव घेऊन पुढचा अंदाज करायचा, हाच ठोकताळा.

गटात अंतर्गत कर्ज देताना आपणही हेच करतो. "हिचे मागचे हप्ते वेळेवर आलेत, घरी दुधाचं जनावर आहे, हिला द्यायला हरकत नाही." हे बोलणं म्हणजे तागडीत वजनं टाकणंच. वेळेवर हप्त्यांचं एक वजन, दुधाच्या पैशाचं एक वजन, आधीचं कर्ज बाकी असेल तर पलीकडच्या पारड्यात वजन. कॉम्प्युटरचा फरक इतकाच, की त्याची वजनं आकड्यात लिहिलेली असतात आणि ती वजनं कुणी मनाने ठरवलेली नसतात. जुन्या हजारो नोंदी त्याला दिल्या जातात: हे फेडणारे, हे थकलेले. कोणत्या गोष्टीला किती वजन दिलं म्हणजे जुने निकाल जास्तीत जास्त जुळतात, हे ते स्वतः शोधून काढतं. म्हणून त्याला मशीनचं शिकणं म्हणतात.

कर्जासाठी असं काम फार आधीपासून होत आलं आहे. अमेरिकेत १९४१ साली डेव्हिड ड्युरांड नावाच्या अभ्यासकाने हप्त्याने फेडायच्या हजारो कर्जांच्या नोंदी तपासल्या. फिटलेली कर्जं एकीकडे आणि बुडालेली एकीकडे ठेवून त्याने गुणांचा तक्ता काढला. बँकेत खातं असेल तर ०.४५ गुण. घर-जमीन असेल तर ०.३५. आणि कर्ज घेणारी बाई असेल तर ०.४० गुण, पुरुष असेल तर शून्य! म्हणजे त्या वहीने सांगितलं, की बाई असणं हे घर-जमीन असण्यापेक्षा वजनदार आहे. वाचून छान वाटतं ना? पण या आकड्यात एक खोच आहे. तिच्याकडे नंतर येऊ.

आधी स्वतः करून बघा

समजा गटात १२ जणी आहेत आणि सगळ्यांची अंतर्गत कर्जं चालू आहेत. वहीत दोन वर्षांचे, म्हणजे २४ महिन्यांचे हप्ते लिहिलेले आहेत. शेवटच्या सहा महिन्यांवर कागद ठेवून झाका. आता फक्त पहिले १८ महिने बघून एक नियम बांधा. उदाहरणार्थ: जिचे मागच्या तीनपैकी दोन हप्ते उशिरा आले, तिचा पुढचाही उशिरा येणार.

झाकायचं कशासाठी? गाईड पाठ करणारं पोर आठवा. गाईडातलं उदाहरण जसंच्या तसं आलं तर पैकीच्या पैकी, आकडे बदलले की भोपळा. ठोकताळ्याचंही तसंच होतं. जुन्या वहीत बघून बघून कुणी असाही नियम काढेल, की "ज्यांच्या पासबुकाचा नंबर सातने संपतो त्यांचा हप्ता उशिरा येतो". जुन्या १८ महिन्यांवर तो अगदी बरोबर बसेल, कारण तो त्यांना बघूनच शिवलेला आहे. न बघितलेल्या महिन्यांवर लावला की उघडा पडेल. त्यामुळे ज्या नोंदींवर नियम शिकवला, त्याच नोंदींवर त्याची परीक्षा घ्यायची नाही. मोठ्या कंपन्यांतल्या जाणकारांनाही हा मोह आवरत नाही, म्हणून हे ठळक सांगते आहे.

आता दर महिन्याला आधी नियमाचा अंदाज कागदावर लिहा, मग त्या महिन्यापुरता कागद खाली सरकवून खरं काय झालं ते बघा. १२ जणी, सहा महिने, म्हणजे ७२ हप्ते. कागदावर चार घरं आखा. समजा निकाल असा आला:

नियम म्हणाला उशीर होईल, आणि खरंच झाला: ६
नियम म्हणाला उशीर होईल, पण हप्ता वेळेवर आला: ४
नियम म्हणाला वेळेवर येईल, पण उशीर झाला: ३
नियम म्हणाला वेळेवर येईल, आणि आला: ५९

बरोबर अंदाज ६ आणि ५९ मिळून ६५. बहात्तरात पासष्ट म्हणजे ९० टक्के. वा! एखादा कंपनीवाला असता तर लगेच बोर्ड लावला असता, "आमचं मशीन नव्वद टक्के अचूक".

थांबा. आता दुसरा नियम घेऊ, एकदम आळशी. "सगळ्यांचे सगळे हप्ते वेळेवर येणार." डोकं चालवलं नाही, वही उघडली नाही. ७२ पैकी उशिरा आलेले एकूण ९, म्हणजे या आळशी नियमाचे ६३ अंदाज बरोबर आले. साडेसत्त्याऐंशी टक्के! आपल्या मेहनतीच्या नियमाने कमावलं काय, तर अडीच-तीन टक्के.

तेव्हा पुन्हा कुणी "इतके टक्के अचूक" म्हणून सांगायला आलं, तर आधी विचारा, काहीच न करता किती आलं असतं? आणि नंतर चार घरांचा हिशोब मागा. आपल्या नियमाचा खरा उपयोग त्या चार घरांत दिसतो. आळशी नियमाने उशिराच्या नऊपैकी एकही ओळखला नाही, आपल्याने सहा ओळखले. पण त्यासाठी चार वेळा, वेळेवर हप्ता भरणारीवर उगाच बोट ठेवलं.

या दोन चुकांची किंमत सारखी नसते. तीन उशिरा आलेले हप्ते नियमाने ओळखले नाहीत, त्यात गटाचं काय गेलं? आठ-पंधरा दिवस पैसे अडकले. पण ज्या चार वेळा चुकीचं बोट ठेवलं, तेव्हा जर आपण म्हणालो असतो "हिला पुढचं कर्ज नको", तर ती ताई सावकाराच्या दारात गेली असती, नाहीतर बारशाला घेतलेली पोरीची चेन मोडली असती. बँकेच्या बाजूने बघा, तर किंमत उलटी दिसते. बुडालेलं कर्ज तिच्या पदरात, नाकारलेल्या बाईचं नुकसान बाईच्या पदरात. मशीनने फक्त शक्यता काढलेली असते. किती शक्यतेवर नाही म्हणायचं ती रेघ माणसं मारतात, आणि ती कोणाची सोय बघून मारली आहे हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

मला विचाराल तर गटात असा नियम नकार द्यायला वापरूच नये. ज्यांच्या नावापुढे "उशीर होईल" आलं, त्यांच्याकडे हप्त्याच्या आठ दिवस आधी एक चक्कर मारावी, अडचण असेल तर तारीख पुढे घ्यावी. तोच अंदाज, पण चुकला तरी एक चहा होतो, एवढंच.

एका गावची वही दुसऱ्या गावाला

बारा जणींच्या वहीवर बांधलेला नियम डळमळीत असतो. एकीच्या घरी आजारपण आलं की सगळा हिशोब बदलतो. म्हणून वाटेल, की ग्रामसंघातल्या, प्रभागसंघातल्या सगळ्या गटांच्या वह्या एकत्र करू. नोंदी वाढल्या की नियम स्थिर होतो, हे खरं. पण कुणाच्या वह्या एकत्र करतो हे बघायला लागतं.

दूध डेअरीवर चालणाऱ्या गावांच्या वह्या घ्या. तिथे दर दहा दिवसांनी दुधाचं बिल येतं, त्यामुळे हप्ते ठरलेल्या दिवशी पडतात. यावर शिकलेलं मशीन म्हणेल, की चार महिने हप्ता नाही म्हणजे कर्ज बुडालं. आता तेच मशीन बीडकडच्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गटाला लावा. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन जोडपं कारखान्याच्या फडावर जातं, ते हंगाम संपेपर्यंत गावाकडे येत नाही. त्या महिन्यांत वहीत हप्त्याचे रकाने रिकामे. ती बाई बुडवी आहे का? तिच्याकडे पैसा येण्याची तऱ्हाच वेगळी आहे. उचल हातात आली तेव्हा तिने दोन-तीन हप्ते एकदम भरलेलेही असतील, पण मशीनच्या तागडीत "आगाऊ भरले" याला वजनच ठेवलेलं नसलं, तर ते तिच्या खात्यावर चढत नाही.

कोकणात मासळी विकणाऱ्या बायकांचं बघा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारीला बंदी. बंदीच्या काळात टोपलीत मासळी नाही, तर हप्ता कुठून येणार? हे त्या गावच्या सीआरपी ताईला न सांगता कळतं. मशीनला मात्र महिना हा रकाना दिलाच नसेल तर दरवर्षीचा जून त्याला नवीन संकट वाटतो. आपल्या नियमात "कोणता महिना" ही एक गोष्ट वाढवून बघा. पेरणीचे जून-जुलै, शाळेची फी, गौरी-गणपती, सुगीनंतरचे महिने. पुष्कळ गटांत एवढ्यानेच अंदाज सुधारलेला दिसेल.

आणि २०२० साल विसरू नका. लॉकडाऊनमध्ये रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० या काळातले हप्ते पुढे ढकलायची मुभा द्यायला बँकांना परवानगी दिली होती. त्या आधीच्या नोंदींवर शिकलेल्या ठोकताळ्यांनी असा काळ कधी बघितलाच नव्हता. तुमच्या वहीत त्या महिन्यांचे रकाने कसे लिहिले आहेत? "थकबाकी" लिहिलंय की "सवलत"? एका शब्दाने पुढच्या शिकण्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. काळ बदलला की जुना ठोकताळा नव्याने तपासावा लागतो. आजीसुद्धा आता पंगतीचे तांदूळ कमीच काढते, कारण लोक भात कमी खायला लागले!

वहीत नसलेल्या बायका

आता ड्युरांडच्या त्या ०.४० कडे येऊ. त्याच्या वहीत फक्त कर्ज मिळालेली माणसं होती. ज्यांना दारातूनच परत पाठवलं, त्यांनी फेडलं असतं की नसतं हे त्या वहीला कधी कळणारच नाही. त्या काळी बाईला कर्ज देताना जास्त पारखून घेत असतील, तर मिळालेल्या बायका निवडक होत्या, म्हणून त्या जास्त चांगल्या दिसल्या असंही असू शकतं. म्हणजे हा आकडा बाईच्या स्वभावाचा की सावकाराच्या चाळणीचा, हे नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. पुढे १९७४ साली अमेरिकेत कायदाच झाला, की कर्ज देताना बाई-पुरुष बघायचं नाही.

आपल्या गटातही हीच गोष्ट आहे. मागच्या पाच वर्षांत ज्या दोघी-तिघींना "नको, ती बुडवेल" म्हणून कर्जच दिलं नाही, त्यांची फेडीची नोंद कोरी आहे. कोऱ्या नोंदीवरून पुढच्या वेळीही नकार. असं चक्र फिरत राहतं आणि आपल्याला वाटतं आपला अंदाज बरोबर होता. बरोबर होता की चूक, हे तपासायला एकही नोंद आपण होऊ दिलेली नसते.

जगात हे मोठ्या प्रमाणावर घडलं आहे. अॅमेझॉन कंपनीने नोकरीचे अर्ज चाळायला एक मशीन शिकवलं. शिकवायला दिले आधीच्या दहा वर्षांत आलेले अर्ज, आणि ते बहुतेक पुरुषांचे. मशीनने त्यातून काय शिकावं? ज्या अर्जात "महिला" हा शब्द, म्हणजे महिलांचा अमुक क्लब, महिलांचं तमुक कॉलेज, त्याचे गुण कमी करायला ते शिकलं. बायकांना घेऊ नका असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. जुन्या वहीतूनच त्याने ते उचललं. कंपनीने ते काम गुंडाळलं आणि २०१८ मध्ये ही बातमी जगाला कळली.

नेदरलँड्स देशात तर घरं उद्ध्वस्त झाली. तिथे पाळणाघराच्या खर्चासाठी सरकार आईबापांना मदत देतं. कोणत्या अर्जात गडबड असू शकेल हे हुडकायला कर खात्याने मशीनचा ठोकताळा वापरला, आणि अर्जदार त्या देशाचा नागरिक आहे की नाही ही गोष्टही त्याच्या तागडीत टाकली. हजारो कुटुंबांवर लबाडीचा शिक्का बसला, त्यात बाहेरून येऊन राहिलेली कुटुंबं पुष्कळ. एखादी सही राहिली, एवढ्या चुकीवरून वर्षानुवर्षांची मदत परत मागितली. माणसं कर्जात बुडाली, संसार मोडले. आमचं नाव का आलं, असं विचारणाऱ्या आयांना सरळ उत्तर मिळत नव्हतं. शेवटी जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. मशीन चुकलं त्यापेक्षा, चुकलंय म्हणणाऱ्या बाईचं कुणी ऐकलं नाही, ही तिथली मोठी चूक असं मला वाटतं.

एक गंमत सांगून पुढे जाऊ. समजा वहीत दिसलं, की ज्यांच्या घरी मोटरसायकल आहे त्यांचे हप्ते वेळेवर येतात. मग थकलेल्या ताईंना मोटरसायकल घेऊन द्यायची का? दोन गोष्टी जोडीने दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडते असं नाही. घरात पगार येत असेल, त्यातून मोटरसायकलही आली आणि हप्ताही. मशीन जोडी बघतं, कारण आपल्याला शोधावं लागतं.

आता तुमचा स्कोअर

आपल्या देशात कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, सीआरआयएफ हाय मार्क, एक्सपिरियन आणि इक्विफॅक्स. सिबिलचा स्कोअर ३०० ते ९०० यांमध्ये असतो. हे दहावीचे मार्क नव्हेत, आणि तुमच्या प्रामाणिकपणाचं मोजमाप तर मुळीच नव्हे. तुमच्यासारखी नोंद असलेल्या अनेक माणसांपैकी किती जण पुढे थकले, त्यावरून काढलेला तो गर्दीचा अंदाज आहे. त्या गर्दीतल्या तुम्ही कोण, हे त्याला दिसत नाही.

त्यात धरतात काय? जुन्या कर्जांचे हप्ते वेळेवर आले का, सध्या किती कर्जं चालू आहेत, किती जुनी आहेत, आणि अलीकडे किती ठिकाणी कर्जासाठी अर्ज केले. नसतं काय? तुमची बचत. पंधरा वर्षं एकही खाडा न करता गटात बचत केली असेल, पण स्वतःच्या नावावर कर्ज कधी घेतलं नसेल, तर तिथे तुमचं पान कोरं. स्कोअरच्या जागी "इतिहास नाही" अशा अर्थाचा शेरा येतो. कोरी नोंद म्हणजे वाईट नोंद नव्हे, हे बँकेत न लाजता सांगा आणि सोबत गटाचं बचत-कर्जाचं खतावणी पान दाखवा. गटाच्या कर्जात सदस्यनिहाय माहिती या कंपन्यांकडे पाठवायच्या सूचना रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये बँकांना दिलेल्या आहेत. म्हणून गटाने बँकेला दिलेली सदस्यांची यादी, नावाचं स्पेलिंग, आधार-पॅनवरचं नाव जुळतं की नाही, हे सचिव आणि बुक कीपर ताईंनी एकदा निवांत बसून बघावंच. माहेरचं नाव एकीकडे, सासरचं दुसरीकडे, यात कित्येकींची चांगली नोंद हरवते.

आणि एक नाजूक विषय. "माझ्या नावावर काढ, हप्ते मी भरते" म्हणून जावेला, शेजारणीला, कधी घरच्याच पुरुषाला कर्ज काढून दिलेल्या बायका प्रत्येक गावात आहेत. खर्च कुणी केला हे कोणत्याही मशीनला माहीत नाही. नाव ज्याचं, नोंद त्याची. जामीन राहिलेल्या कर्जाचीही तीच गत. असं कर्ज चालू असेल तर कुणाला दोष न देता, दर महिन्याला त्याचा हप्ता भरल्याची पावती स्वतःकडे मागून घ्या.

स्वतःचा अहवाल बघायचा असेल तर या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. बँक सखीला किंवा कॉलेजात जाणाऱ्या लेकीला सोबत घेऊन कंपनीच्या स्वतःच्या वेबसाईटवरूनच काढा. ओटीपी फोनवर कुणाला सांगू नका. "पाचशे द्या, स्कोअर वाढवून देतो" म्हणणारा एजंट भेटला तर त्याला चहासुद्धा पाजू नका, खरी नोंद पैसे देऊन पुसता येत नाही. अहवालात प्रत्येक कर्ज ओळखीचं आहे का ते बघा. फिटलेलं कर्ज चालू दाखवलंय, न घेतलेलं कर्ज आलंय, तारीख चुकली आहे, असं काही दिसलं तर त्या कंपनीकडे आणि बँकेकडे लेखी तक्रार करा आणि तक्रारीचा नंबर वहीत टिपून ठेवा. ३० दिवसांत तक्रार मिटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती निदान दर पंधरा दिवसांनी पाठवावी लागते, म्हणून कर्ज फेडल्यावर महिन्याभराने पुन्हा एकदा बघा. अर्ज नाकारला तर त्याचं मुख्य कारण बँकेने लेखी द्यायचं असतं. "स्कोअर बसत नाही" एवढ्यावर घरी येऊ नका. कारण कागदावर मागा.

पुढच्या बैठकीसाठी काम

चार घरांचा कागद प्रत्येक गटाने भरून आणायचा आहे. नावं लिहायची नाहीत, फक्त चार आकडे आणि आळशी नियमाचा आकडा. कुणाचे हप्ते उशिरा हे गावभर व्हायला नको, आणि कुठल्या ॲपसाठी कुणी सदस्यांची माहिती मागितली तर कशाला हवी आहे हे विचारून, ठराव करूनच द्या.

आणखी एक. या महिन्यापासून खतावणीत हप्त्याच्या रकान्याशेजारी पेन्सिलने एक उभी रेघ मारून "कारण" असा छोटा रकाना करा. उशीर झाला तर एकच शब्द लिहायचा: पाऊस, दवाखाना, मजुरी थकली, फडावर, दुसरीसाठी काढलेलं. आगाऊ भरला तर तेही लिहायचं. सहा महिने भरले की तो रकाना घेऊन नियम पुन्हा बांधायचा आणि चार घरं पुन्हा मोजायची.